फ्लॉपीला लावलेलं गंध

जाहीर निवेदन. कुंभकोणम्, मेलकावेरी, तिरुवलंचुळी व आसपासच्या गावांतील तमाम आप्तेष्ट, माजी विद्यार्थी, आणि कॉफीच्या वेळेला बरोबर टपकणारे मित्र यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, खाली सही करणारा रघुनाथराव, वय वर्षे सेहेचाळीस, व्यवसाय संगणक शिकविणे व गप्पा मारणे, याने 'फ्लॉपीला लावलेल्या गंधाची गोष्ट' सांगणे आजपासून कायमचे बंद केले आहे. लग्न, मुंज, बारसे, साठीशांत, कोणत्याही प्रसंगी कोणीही आग्रह करू नये. आग्रह केल्यास निवेदक पानावरून उठून जाईल. पानात जिलबी असली तरी उठून जाईल.

अण्णा, हे वाचून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "कसाला रे इतकं पुणेरी?" पुण्यात दोन वर्षं कॉम्प्युटर शिकायला राहिलो, तेव्हापासून माझं लिहिणं तिकडचं झालं आणि बोलणं इकडचंच राहिलं. तिकडच्या लोकांना माझं बोलणं ऐकून वाटायचं, नाटकातला कुणी सरदार शिरस्त्राण विसरून रस्त्यावर आलाय. आणि तुम्हाला माझं लिहिणं वाचून वाटायचं, तहसीलदाराची नोटीस आलीय. दोन्हीकडून हसं. पण हसं होण्याची मला कधी लाज वाटली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मीच तर सगळ्यांना हसवत आलो. तुमच्या जिवावर.

तुम्ही जाऊन आज सतरा दिवस झाले. त्यातले तेरा दिवस मी रडलो आणि चार दिवस तुमच्याशी भांडतोय. भांडण एकतर्फी आहे. तुम्ही तिकडे गप्प, आणि तुमचं गप्प बसणं हेच तर भांडणाचं कारण. तेव्हा ती गोष्ट एकदाच, शेवटची, तुम्हालाच सांगतो. माझ्या शेजारी बसून तुम्ही ती शंभर वेळा ऐकलीत, पण पुरी एकदाही ऐकली नाहीत. मी कधी पुरी सांगितलीच नाही.

सारं गाव तुम्हाला मास्तर म्हणायचं. नात्यानं तुम्ही माझे चुलतभाऊ, वयानं बाप. तुमच्या ओसरीवरच्या चौदा टाइपरायटरांचा खडखडाट ऐकत मी वाढलो. गल्लीत नवा माणूस आला की त्याला वाटायचं, इथे पत्र्यावर गारा पडताहेत. सकाळी सहाच्या बॅचला वेणीत मोगऱ्याचे गजरे माळलेल्या पोरी यायच्या आणि तुम्ही पट्टी घेऊन मधून फिरायचात, "बोटांकडे बघायचं नाही! बोटं पळून जात नाहीत!"

पुण्याहून परत आलो तेव्हा तुम्ही ओसरीचा अर्धा भाग मला दिलात. मधे प्लायवुडचं पार्टिशन, माझ्या बाजूला तीन कॉम्प्युटर, खिडकीत एक एअरकंडिशनर. अख्ख्या गल्लीतला पहिला. वैनी रोज दुपारी "कॉम्प्युटर बघायला" यायच्या आणि डोळे मिटून बघायच्या. सहा महिन्यांत तुमच्या पोरी एकेक करून पार्टिशनच्या अलीकडे आल्या. पहिली आली ती तिरुनागेश्वरमहून बसनं येणारी कोमला. तिनं तर तुमच्या पाया पडून परवानगी मागितली होती, आणि पुढे नव्या बॅचला मदत करायला तीच येऊन बसायची. वर्षभरात तुमच्याकडे चौदा मशिनं आणि तीन विद्यार्थी उरले. कुणीही दुसरा असता तर त्यानं माझी पार्टिशनसकट हकालपट्टी केली असती. तुम्ही एके सकाळी हातात वही घेऊन माझ्या दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "माझी पोरं अस्की इकडं आली. मग मी तिकडं एकटा काय करू? मला पण शिकव."

वय एकसष्ट. चपला बाहेर काढल्यात, पडद्याला नमस्कार केलात आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसलात. पुढे या म्हटलं तर म्हणालात, "उंच माणसानं मागं बसायचं. पोरींना दिसायला हवं."

पहिला तास माझ्या मते या शहरातला सर्वोत्कृष्ट नाट्यप्रयोग होता. काळ्या पडद्यावर हिरवी चौकट लुकलुकत होती. तुम्ही विचारलंत, "ही काय मागते?" मी म्हणालो, "हुकूम." तुम्ही न बघता, भिंतीकडे नजर लावून, मिनिटाला साठ शब्दांच्या वेगानं एक अख्खा व्यावसायिक पत्रव्यवहार टाइप केलात. महाशय, आपले दिनांक अमुकचे पत्र मिळाले. दर ओळ संपली की तुमचा डावा हात आपोआप हवेत जायचा आणि नसलेली दांडी सरकवून परत यायचा. पोरी ओढण्या तोंडात कोंबून हसत होत्या. मग एंटर दाबलंत. पडद्यावर आलं, बॅड कमांड.

तुम्ही उठून उभे राहिलात. "रघू, याला सांग. चाळीस वर्षांत मला बॅड कुणी म्हणालं नाही."

त्या हशात तुम्हीही सामील झालात. लोकांना हसवायला तुम्ही मुद्दाम करत होता की काय, मला आजही सांगता येत नाही.

आपलं खरं भांडण जुंपलं ते बॅकस्पेसवरून. मी मोठ्या ऐटीत दाखवलं, चूक झाली की ही कळ दाबायची, अक्षर गायब. तुम्ही कपाळाला हात लावलात. तुमच्या इन्स्टिट्यूटमधे चुकीवर चौकोन करून समासात सही करावी लागे.

"चूक पुसली तर ती कुणी केली हे कळणार कसं?"

"कळायचंच कशाला, अण्णा? पत्र चांगलं दिसल्याशी कारण."

"आणि पोरगी शिकणार कशी?"

"पोरगी पुसायला शिकेल."

तुम्ही मान हलवलीत. दर आठवड्याला हा वाद नव्यानं निघायचा. कॉफी संपायची, वाद संपायचा नाही. मी दर वेळी जिंकायचो, कारण माझा आवाज मोठा होता.

आता ज्याच्यासाठी तुम्ही हे सगळं शिकत होता त्याकडे येतो.

आपल्या घरातलं बोलणं तुम्ही गोळा करत होता. तीनशे वर्षांपूर्वी आपले लोक इकडे येताना जी मराठी घेऊन आले, ती तिकडे केव्हाच बदलली आणि इकडे म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी तशीच राहिली. मेलकावेरीतल्या दोन घरांतल्या सासवा, आणि तिरुवलंचुळीची आपली अंबुजाआत्या. सायकलला पिशवी अडकवून तुम्ही त्यांच्याकडे जायचात. पुढ्यात बसून त्यांना बोलतं करायचात. शब्द, अंगाया, जेवताना मुलांना भरवायची गाणी, शिव्यासुद्धा. आत्या म्हणायची, "शिव्या कसाला लिहितोस रे? देवाच्या घरी वाचणार काय?" आणि मग आणखी दोन सांगायची. तुम्ही ते सारं पाठकोऱ्या कागदांवर लिहून आणायचात. तीन वर्षं. नऊशेच्या वर शब्द आणि पस्तीस-चाळीस गाणी.

ते सगळं तुम्ही माझ्या कॉम्प्युटरवर इंग्रजी लिपीत टाइप केलंत. आणि टायपिंगच्या धंद्याची तुमची जुनी शिस्त अशी होती की स्वच्छ प्रत झाली की कच्चा कागद ठेवायचा नाही. दोन प्रती राहिल्या तर उद्या खरी कुठली यावर घोळ होतो. चाळीस वर्षं तुम्ही कच्चे कागद बंबात घालत आलात. हेही घातलेत. रोज चार-पाच पानं टाइप झाली की दुसऱ्या सकाळी वैनींच्या आंघोळीचं पाणी त्यावर तापायचं.

घालण्यापूर्वी तुम्ही मला विचारलं होतंत. हे गोष्टीत मी कधी सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला होतात, "रघू, एकदा छापून घेऊ या का? मग जाळतो." मी खुर्चीवरून उठलो होतो, हात पसरले होते, आणि म्हणालो होतो, "अण्णा, कागदाचे दिवस संपले! सगळं पुरं झालं की एकदम छापू. पुस्तकासारखं!" पोरींनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही कागद घेऊन घरी गेलात.

मी शिकवलेल्या नियमाप्रमाणे तुम्ही दोन फ्लॉप्या केल्यात. एक तुमच्या घरी, एक माझ्या ड्रॉवरमधे. "एका घराला काही झालं तर दुसऱ्या घरात राहील," हे माझंच वाक्य. फ्लॉपीवर चिकटवलेलं लेबल मशीनमधे अडकेल म्हणून तुम्ही नाव फ्लॉपीवर घातलंच नाहीत. हळदीचं बोट लागलेल्या एका लग्नपत्रिकेचं पाकीट शिवलंत, त्यावर नाव टाइप केलंत, आणि फ्लॉपी त्यात घालून माझ्या हातात दिलीत. मूल आजोळी ठेवताना देतात तशी.

मग आली आयुधपूजा.

इथून पुढचं मी फार रंगवून सांगायचो. तुमच्या चौदा मशिनांना तेल, गंध, कुंकू, माझ्या तीन कॉम्प्युटरना झेंडू, सरस्वतीपुढे पुस्तकांची चळत, चण्याच्या सुंडलची परात. त्या दिवशी आयुधं वापरायची नाहीत, दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पुन्हा हातात घ्यायची. तुम्ही घरून तुमची फ्लॉपी रेशमी उपरण्यात गुंडाळून आणलीत. आपल्या घरची रीत अशी की आयुधाचं काम जिथून होतं तिथे गंध लावायचं. अडकित्त्याला पात्यावर, टाइपरायटरला अक्षर कागदावर आपटतं तिथे. फ्लॉपी तर सगळीकडून काळी. नाक ना डोळा. गोष्टीत मी सांगायचो, "आणि अण्णा कपाळ शोधताहेत! उलटी करतात, सुलटी करतात!" मग तुम्ही शेजारून साथ द्यायचात, "अहो, सापडेच ना! शेवटी एक लांबट खिडकी दिसली, आत तपकिरी चकचकीत. म्हटलं हेच कपाळ!" आणि अनामिकेनं हवेत ठसठशीत टिळा लावून दाखवायचात. मंडळी लोळायची.

अण्णा, कपाळ तुम्ही शोधलं नव्हतंत. तुम्ही मला हाक मारून विचारलं होतंत, "रघू, हिचं काम कुठून होतं?" माझ्या तोंडात सुंडल होतं, समोर नव्या बॅचच्या पोरींचा घोळका होता आणि मी त्यांना काहीतरी नक्कल करून दाखवत होतो. तिथूनच बोट केलं आणि म्हणालो, "ती खिडकी आहे ना, तिथून." अगदी बरोबर उत्तर दिलं. कॉम्प्युटरचा शिक्षक ना मी.

तुम्ही तिथे चंदनाचं ओलं गंध लावलंत, वर कुंकू, आणि हात जोडलेत.

विजयादशमीला तुम्ही सगळ्यांच्या आधी आलात. मी कुलूप काढत होतो. तुम्ही म्हणालात, "आज आधी हिची एक नक्कल करून दे." त्याआधीच्या आठवड्यात तुम्ही दोनदा म्हणाला होतात, दहा मिनिटं मशीन मिळेल का. नव्या बॅचची गर्दी होती, मी म्हणालो होतो, दसऱ्यानंतर. त्या सकाळी मी जरा वैतागलोच. "अण्णा, एक आहे ना माझ्या ड्रॉवरमधे! आणखी कशाला?" तुम्ही नुसते हसलात. "असू दे. आणखी एक कर."

फ्लॉपी आत सरकवली. पाट्यावर वाळू वाटावी तसा आवाज आला. पडद्यावर विचारणा, पुन्हा प्रयत्न करू का? मी म्हणालो, कर. वाळू. कर. पुन्हा वाळू. बाहेर काढली तर खिडकीतल्या तपकिरी चकतीवर लाल-पिवळा गोल पट्टा उमटलेला. गंध चकतीभर फिरलं होतं. मी कापूस घेतला, स्पिरिट घेतलं, पुसलं. पुसल्यावर चकती ओरखडलेली दिसली. एव्हाना पोरी आल्या होत्या, त्या दाराशी उभ्या. कुणीतरी म्हणालं, "सरांच्या ड्रॉवरमधे दुसरी आहे की!" सगळ्यांनी श्वास सोडला. मीही सोडला. ऐटीत ड्रॉवर उघडला.

लग्नपत्रिकेचं पाकीट होतं. आत काही नव्हतं.

आणि मला ते पाकीट आठवलं, अण्णा. दसऱ्याआधीच्या आठवड्यात मीच ते वर्गासमोर उघडलं होतं.

नव्या बॅचला तो धडा शिकवत होतो. कोरी फ्लॉपी वापरण्याआधी तिला फॉरमॅट करून तयार करावी लागते, एवढाच धडा. पाच मिनिटांत उरकावा असा. पण मी कधी काही पाच मिनिटांत उरकलंय? मी म्हणालो, "पोरींनो, सकाळी दारात रांगोळी घालता, त्याआधी काय करता? कालची पुसता, अंगण झाडता, पाणी शिंपडता. तसंच हे!" कोरी फ्लॉपी हवी होती म्हणून मागे न बघता ड्रॉवरमधे हात घातला, जे पाकीट लागलं ते ओढलं, जादूगार रुमालातून कबुतर काढतो तशी फ्लॉपी काढून उंच धरली. नाव पाकिटावर होतं, आणि पाकीट मी ड्रॉवरमधे परत भिरकावलं होतं. मशीननं सांगितलं, नवी फ्लॉपी घाला आणि तयार झालात की एंटर दाबा. आत काही आहे का, हे त्यानं विचारलं नाही. मी वर्गाकडे वळलो. "तयार?" वर्ग ओरडला, "तयार!" मी मृदंगावर शेवटची थाप मारावी तसं बोट आपटलं. आकडे सरकत गेले. टाळ्या पडल्या. मंगळवार होता, आणि मंगळवारी तुम्ही तिरुवलंचुळीला आत्याकडे जायचात. मागे कोण बसलंय ते मी पाहिलं नाही. मला टाळ्या ऐकू येत होत्या.

तीन वर्षं गोळा केलेलं बोलणं, आणि ते पुसण्याचा मी धडा दिला. उदाहरण म्हणून.

मग ते पाकीट खिशात घातलं, वर्गातल्या सरावाच्या फ्लॉप्यांमधली एक हातात घेतली आणि तुमच्याकडे वळून म्हणालो, "अण्णा, हिला बुरशी आलीय."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग म्हणालात, "आपलं गाव दमट. येणारच बुरशी." थोड्या वेळानं म्हणालात, "सरी. होऊन गेलं." आणि वर, माझ्या पाठीवर हात ठेवून, "तू कॉफी घे जा. चेहरा बघ तुझा."

मी जाऊन कॉफी घेतली. हेही लिहून ठेवतो. साखर घालून घेतली.

दोनच महिन्यांत, मार्गशीर्षात, अंबुजाआत्या गेली. वर्षाच्या आत मेलकावेरीतल्या दोघींपैकी एक गेली आणि दुसरीला मुलगा मद्रासला घेऊन गेला, तिथे ती नातवंडांशी तमिळच बोलायला लागली. तुम्ही आठवून आठवून पुन्हा लिहायला बसलात. एके दिवशी दुपारी मी आलो तर पुढ्यात कोरा कागद होता. म्हणालात, "रघू, गंमत बघ. अर्थ अस्के आठवतात. शब्द येत नाहीत." भांडण झाल्यावर दोघांनाही भूक लागलेली असते पण आधी कोण वाढणार म्हणून घरात जी शांतता असते, तिला आत्याचा एक शब्द होता. परक्याच्या हातून भरवलं तरच जेवणाऱ्या मुलाला एक. उन्हात वाळत घातलेलं लुगडं पहिल्यांदा अंगाला लावल्यावर जे वाटतं, त्याला एक. मला ते शब्द तुम्ही वाचून दाखवले होते. मीही आठवून बघतो. रोज बघतो. अर्थ हातात धरून उभा राहतो, आणि त्या अर्थाला हाक मारायला माझ्याकडे काही नाही. दोन भाषांत मी बडबड करतो, तिसरी पोटापुरती येते, आणि एवढ्या तीन गोष्टी मला सांगता येत नाहीत. आता कुणालाच येत नाहीत.

तुम्ही तो कागद घडी करून ठेवून दिलात. पुन्हा कधी काही टाइप केलं नाहीत. वर्गाला मात्र येत राहिलात, मागच्या बाकावर, नव्या मुलींची बोटं बरोबर कळांवर ठेवून द्यायला. मी मात्र एका लग्नात, जेवणं झाल्यावर, लोक आळसावले होते म्हणून ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. टाइपरायटिंग मास्तरांनी फ्लॉपीला गंध लावलं! हशा असा उसळला की मीच चकित झालो. घाबरत तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढच्या वेळी तुम्हीच म्हणालात, "रघू, कपाळाचं मी सांगतो, ते मला चांगलं जमतं."

आठ वर्षं आपण तो प्रयोग केला. या गावात मला लोक ओळखतात ते त्या गोष्टीसाठी. दर वेळी ठरवायचो, आज घरी जाताना अण्णांना खरं सांगायचं. दर वेळी टाळ्या आड यायच्या.

शेवटच्या आठवड्यातली ती दुपार. तुम्ही हॉस्पिटलमधे, नाकात नळी, वैनी घरी आंघोळीला गेलेल्या. खोलीत आपण दोघंच. मी खुर्ची ओढली आणि म्हणालो, "अण्णा, त्या फ्लॉपीचं एक सांगायचंय." तेवढ्यात नर्स आली. तुम्ही डोळे उघडलेत आणि हाताची बोटं हलवलीत. "सांग, सांग. ही नवीन आहे. हिनं ऐकली नसेल."

आणि मी सांगितली. गंधाची. ती हसली. तुम्ही अनामिका उचलायचा प्रयत्न केलात, टिळा लावायला. हात चादरीवरून वर आला नाही. मग मी माझ्या हातानं तुमचा भाग करून दाखवला.

तेरावा दिवस. तुमच्या घरी पानं मांडली होती. जुने विद्यार्थी आले होते, कोमला मद्रासहून आली होती, दोन मुलांची आई, कुठल्या तरी ऑफिसात वीस कॉम्प्युटरांवर देखरेख करते. पायसम वाढता वाढता वैनीच म्हणाल्या, "रघू, सांग रे ती गोष्ट. त्यांला फार आवडायची." मी उभा राहिलो. सुरुवात केली. तेल, झेंडू, सुंडलची परात. लोक आधीच हसायला लागले, पुढे काय येणार ते ठाऊक होतं ना. कपाळापाशी आलो. तिथे तुमचं वाक्य होतं. मी थांबलो. सवयीनं शेजारी बघितलं.

मग सगळं सांगून टाकलं. बोट मी दाखवलं होतं ते. कागद मी जाळू दिले ते. रिकामं पाकीट, फॉरमॅटचा धडा, टाळ्या, बुरशी. मोठ्या आवाजात सांगितलं, मला हळू बोलता येत नाही. कुणी जेवेना. शेवटी मी म्हणालो, आणि हे मी स्वतःला सावरायला म्हणालो, कबूल करतो, "देवाची कृपा एवढीच, की अण्णांना हे शेवटपर्यंत कळलं नाही."

आणि समोरच्या पंगतीतून कोमला, उष्ट्या हातानं, पानावरून अर्धवट उठत ओरडली, "पण सर, मास्तरांनी तर बघितलं होतं! त्या मंगळवारी माझ्या शेजारीच बसले होते ते. 'ती तुमची आहे' म्हणून मी उठायला गेले, तर हात दाबून म्हणाले, 'बैस, पोरी. सर शिकवतोय.'"